मूळव्याध म्हणण्याआधी

गुदद्वाराचा त्रास घेऊन दवाखान्यात आलेला माणूस तक्रार सांगत नाही, थेट निदानच सांगतो. "डॉक्टर, मूळव्याधीचा त्रास होतोय." रक्त पडत असो, आग होत असो, खाज सुटत असो की बाजूला गळू आलेले असो, सगळ्याला शब्द एकच. लाजिरवाणे बोलणे एका शब्दात उरकावे, ही त्याची गरज समजण्यासारखी आहे. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. समोरचा डॉक्टरही पुष्कळदा तेच निदान उचलतो, मलम आणि गोळ्या लिहून देतो, तिखट बंद करा म्हणतो आणि पुढचा पेशंट आत येतो. त्या जागेकडे कोणी पाहिलेलेच नसते.

या आजारांचे उपचार गेल्या शंभर वर्षांत फार पुढे गेले आहेत. पण रुग्णाचे सगळ्यात जास्त नुकसान उपचार उपलब्ध नसल्यामुळे होत नाही, न तपासता उपचार सुरू झाल्यामुळे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या आढाव्याची सुरुवात तपासणीपासूनच करतो.

गुदमार्गाची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. त्याच्या साधारण मध्यावर आतून दातेरी कडेसारखी दिसणारी एक रेषा असते. रेषेच्या वरचा भाग आतड्याचा, तिथे वेदना जवळजवळ कळत नाही. खालचा भाग त्वचेचा, तिथे सुई टोचली तरी माणूस कळवळतो. एवढे ध्यानात घेतले की निम्मे निदान बोलण्यातूनच होते. शौचाबरोबर लाल रक्ताची धार लागते, थेंब टपकतात, पण दुखत मात्र नाही, तर ती बहुधा आतली मूळव्याध. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखे कापते आणि नंतर तास-दोन तास ठणकत राहते, तर फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. ठणका सतत आहे, बसवत नाही, अंगात ताप आहे, तर आत पू झालेला आहे. पूर्वी कधी गळू येऊन फुटले होते आणि आता त्या जागी पुळीसारख्या तोंडातून पू येतो, कपडे खराब होतात, तर भगंदर. एखाद्या पहाटे अचानक द्राक्षाएवढी निळसर, टणक, दुखरी गाठ हाताला लागली, तर बाहेरच्या शिरेत रक्त गोठलेले असते. ती गाठ पहिल्या बहात्तर तासांत काढली तर लगेच आराम पडतो. उशीर झाला असेल तर बहुतेक वेळा ती आपोआप जिरते.

हे झाले अंदाज. त्यांची खात्री करायला पाच मिनिटे लागतात. रुग्णाने डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे. डॉक्टर आधी नुसते पाहतात, मग हातमोजा घालून, जेली लावून एक बोट आत घालतात आणि शेवटी प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून उजेडात आतले पाहतात. फिशरने स्नायू आवळून धरला असेल तर बोट घालण्याचा हट्ट धरायचा नसतो. कडा हलकेच बाजूला केल्या की चीर दिसते, बाकीची तपासणी दुखणे कमी झाल्यावर करता येते. स्त्री रुग्ण असेल तर परिचारिका शेजारी हवी, पडदा हवा आणि काय करणार आहोत ते आधी सांगायला हवे. या साध्या गोष्टी पाळल्या जात नाहीत म्हणूनही कित्येक बायका वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात. घरात संडास नसल्याने अंधार पडेपर्यंत शौच दाबून ठेवावे लागणाऱ्या बाईला बद्धकोष्ठ होतो आणि त्यातून हे आजार. बाळंतपणानंतर तर ते फारच दिसतात. 'बायकांना हे व्हायचंच' असे म्हणून तिला गप्प केले जाते, याची मला मनापासून चीड येते.

आता मूळव्याधीकडे वळू. मूळव्याध म्हणजे सुजलेल्या शिरांची गाठ, अशी समजूत फार काळ होती. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1975 साली तिच्या जागी दुसरी मांडणी केली. गुदमार्गात जन्मापासूनच रक्तवाहिन्या, स्नायूतंतू आणि आच्छादन यांच्या मऊ गाद्या असतात. साधारणपणे तीन मुख्य, घड्याळाच्या भाषेत तीन, सात आणि अकरा वाजताच्या जागी. वायू आणि पातळ मल धरून ठेवायला त्यांचा उपयोग होतो, विश्रांतीच्या वेळी गुदद्वार मिटलेले ठेवण्यात त्यांचा सुमारे पंधरा ते वीस टक्के वाटा असतो. कुंथण्यामुळे आणि वयोमानाने त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल होतात, गाद्या खाली घसरतात, खरवडतात आणि त्यातून रक्त येते. म्हणजे मूळव्याध हा शरीराच्या एका उपयोगी भागाचा बिघाड आहे. ती समूळ खणून काढण्याची घाई का करू नये, हे यावरून कळते.

गादी किती घसरते यावरून चार पायऱ्या ठरतात. पहिलीत फक्त रक्त येते. दुसरीत घसरलेल्या गादीचा कोंब कुंथताना बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने ढकलावा लागतो. चौथीत तो बाहेरच राहतो. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. जेवणातला चोथा वाढवणे, भरपूर पाणी, इसबगोल आणि कुंथणे बंद, एवढ्यावरही फरक पडतो. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला तेव्हा चोथ्याच्या पुरवणीने रक्त पडण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले असे दिसले. चमचाभर इसबगोलाकडून याहून जास्त काय मागायचे?

त्यावरही रक्त थांबले नाही तर बाह्यरुग्ण विभागातच रबर बँड लावता येतो. कोंबाच्या मुळाशी, दातेरी रेषेच्या वर, छोटे रबरी कडे बसवायचे. रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत कोंब गळून पडतो. रेषेच्या वर असल्यामुळे भूल लागत नाही. ही पद्धत 1963 साली बॅरन यांनी रुळवली आणि दुसऱ्या व काही तिसऱ्या पायरीच्या मूळव्याधीसाठी आजही ती पहिली पसंती आहे. एक इशारा मात्र बँड लावलेल्या प्रत्येकाला माहीत हवा. नंतर वाढत जाणारे दुखणे, ताप आणि लघवी अडणे ही तिन्ही एकत्र आली तर आत गंभीर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे असते.

मोठ्या, बाहेर राहणाऱ्या मूळव्याधीसाठी कापून काढण्याची शस्त्रक्रिया लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 साली मांडली. नंतरचे दोन आठवडे दुखते, हे खरे. तो त्रास टाळण्यासाठी पुढे बरेच काही आले. इटलीच्या लाँगो यांनी 1998 मध्ये स्टेपलरची पद्धत पुढे आणली, डॉपलरने धमनी शोधून ती बांधण्याची पद्धत आली, आणि आता लेसर. स्टेपलरचा सुरुवातीचा गाजावाजा मोठा होता. ब्रिटनमध्ये 777 रुग्णांवर त्याची जुन्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली, निष्कर्ष 2016 साली आले. पहिले काही आठवडे स्टेपलरवाल्यांचे दुखणे कमी होते, पण दोन वर्षांच्या हिशेबात जुनीच शस्त्रक्रिया सरस ठरली, आजार उलटण्याचे प्रमाणही तिच्यात कमी. लेसरचीही गोष्ट सध्या तशीच दिसते: दुखणे कमी, उलटण्याची शक्यता जास्त. हा सौदा काहींना पटेल आणि त्यात चूक काही नाही. पण 'दहा मिनिटांत कायमची सुटका' अशी पाटी लावून पहिल्या पायरीच्या मूळव्याधीवर लेसर चालवणे, जिथे इसबगोल पुरला असता, हे मला गैर वाटते.

लोक ज्याला 'दुखरी मूळव्याध' म्हणतात ती बहुतेक वेळा फिशर असते. आयुर्वेदाने तिला परिकर्तिका म्हटले, कातरीने कापल्यासारखी वेदना देणारी, आणि हे नाव अगदी चपखल आहे. कडक मलामुळे त्वचेला चीर पडते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला मध्यरेषेत. दुखल्यामुळे आतला स्नायू आवळतो, आवळल्यामुळे त्या जागेचा मुळातच तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि जखम भरत नाही. माणूस भीतीने शौचाला जायचे टाळतो, मल आणखी कडक होतो. हे चक्र तोडायचे तर स्नायू सैल करायचा. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे बसणे, मल मऊ ठेवणे आणि दोन टक्क्यांचे डिल्टियाझेम मलम सहा ते आठ आठवडे नेमाने लावणे, यावर निम्म्याहून अधिक जण बरे होतात. नायट्रोग्लिसरिनचे मलमही चालते, पण त्याने डोके धरते. रुग्ण आठ दिवसांत बरे वाटले की मलम सोडतात आणि महिन्याने परत येतात, हा नेहमीचा अनुभव. औषधाने न भरलेल्या जुन्या फिशरसाठी आतल्या स्नायूचा थोडा भाग बाजूने कापण्याची लहान शस्त्रक्रिया आहे, तिला नव्वद टक्क्यांहून अधिक यश येते. काही थोड्यांना नंतर वायू रोखणे अवघड जाते, म्हणून बाळंतपणात आधीच स्नायू दुखावलेल्या स्त्रीच्या बाबतीत दहादा विचार करावा लागतो. चीर मध्यरेषेपासून बाजूला असेल, अनेक चिरा असतील, तर क्षय, क्रोन्स (आतड्याचा जुनाट दाह), एचआयव्ही किंवा कर्करोग यांचा शोध घ्यायलाच हवा.

आता भगंदर. हा या कुटुंबातला सगळ्यात हट्टी आजार, आणि इतिहासही त्याचाच मोठा. सुश्रुताने ज्या आठ रोगांना महागद म्हटले त्यांत अर्श आणि भगंदर हे दोन्ही आहेत. भगंदराचे त्याने पाच प्रकार केले, त्यांत उंटाच्या मानेसारख्या वळणाचा उष्ट्रग्रीव आहे आणि शंखाच्या वेटोळ्यासारखा शंबूकावर्तही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भगंदरावर 18 नोव्हेंबर 1686 रोजी फेलिक्स नावाच्या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केली. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सवर 1841 मध्ये ती केली फ्रेडरिक सॅल्मन यांनी, सेंट मार्क्स इस्पितळाचे संस्थापक ते हेच. क्लोरोफॉर्म तेव्हा यायचा होता.

भगंदर सुरू होते ते दातेरी रेषेवरच्या बारीक ग्रंथींपासून. ग्रंथीत जंतू शिरतात, पू होतो आणि तो स्नायूंमधून वाट काढत कातडीपाशी येतो. या टप्प्यावर ते गळू असते, आणि गळवाला चीर देऊन पू काढणे हाच उपाय. अँटिबायोटिक देऊन 'बसवण्याचा' प्रयत्न केला की पू आत खोल पसरतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. पू नीट काढला तरी एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत आतल्या ग्रंथीपासून बाहेरच्या तोंडापर्यंतचा बोगदा तसाच राहतो. तेच भगंदर.

उपचारातली खरी मेख अशी की बोगदा कापून उघडला तर भरतो, पण तो ज्या स्नायूंतून जातो तेही कापले जातात. वरवरचे, थोड्या स्नायूतून जाणारे भगंदर उघडून मोकळे करणे सोपे. जास्त स्नायू कापला तर माणसाचा मलावरचा ताबा जातो, आणि ते जगणे भगंदरापेक्षा वाईट. म्हणून आधी नकाशा हवा. लंडनच्या पार्क्स यांनी 1976 साली 400 रुग्णांवरून भगंदराचे चार मुख्य मार्ग मांडले आणि तेच वर्गीकरण आजही वापरतात. नकाशा काढायचे साधन मात्र बदलले. गुंतागुंतीच्या किंवा उलटलेल्या भगंदरात शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय करणे हा आता शिरस्ता आहे. शस्त्रक्रिया फसण्याचे मोठे कारण म्हणजे न दिसलेली एखादी फांदी, आणि एमआरआयमध्ये ती दिसते. स्नायू न कापता बोगदा बंद करण्याचे मार्गही आले. थायलंडच्या रोजनसाकुल यांनी 2007 मध्ये दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून बोगदा बांधून तोडण्याची 'लिफ्ट' शस्त्रक्रिया मांडली. दुर्बिणीतून बोगदा जाळण्याची पद्धत आहे, लेसरही आहे. यांतली कुठलीच शंभर टक्के यश देत नाही, आणि तसे वचन देणाऱ्या डॉक्टरपासून मी तरी दूर राहीन. आपल्याकडे काढलेल्या बोगद्याचा तुकडा क्षयासाठी तपासायला पाठवणे हेही विसरून चालत नाही.

इथे क्षारसूत्राबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण एक बाजू त्याला भोंदूगिरी समजते आणि दुसरी सर्वरोगहर. अशक्त आणि शस्त्राला भिणाऱ्या रुग्णासाठी क्षार लावलेला दोरा वापरावा, असे सुश्रुताने सांगितले. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने निवडुंगाचा चीक आणि हळद लावून दोरा करण्याची रीत दिली. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला प्रमाणित रूप दिले: वीस नंबरचा लिननचा दोरा, त्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा थर, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, शेवटी चीक आणि हळदीचे तीन, एकूण एकवीस. दोरा बोगद्यातून ओवून बांधतात, दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात चार टक्के, शस्त्रक्रियेत अकरा. आयुर्वेदाच्या एखाद्या उपचाराची इतकी सरळ तुलना फार थोड्या वेळा झाली आहे, आणि तिचा निकाल मानायला हवा. त्याचबरोबर हेही मानायला हवे की दोराही स्नायू कापतोच. उंचावरून जाणाऱ्या बोगद्यात एमआरआय न बघता दोरा ओवणे तितकेच धोक्याचे.

हे उपचार कोणी करावेत, यावरही वाद झाला. नोव्हेंबर 2020 मध्ये शल्य आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांना 58 शस्त्रक्रियांची परवानगी स्पष्ट करणारी अधिसूचना निघाली, त्यांत गुदद्वाराच्या शस्त्रक्रियाही होत्या. इंडियन मेडिकल असोसिएशनने 11 डिसेंबरला काम बंद ठेवले. तो वाद पॅथींचा झाला. रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे: समोरची व्यक्ती या कामात शिकलेली आहे का, ती तपासते का, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे प्रकरण पुढे पाठवते का. खरा धोका ज्यांचे शिक्षणच नाही त्यांचा. बाजाराच्या गावी, बसस्थानकाजवळ 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' अशी पाटी लावून बसणारे लोक कोंबात जळजळीत रसायनाचे इंजेक्शन देतात. कातडी सडते, जखम आखडत भरते आणि गुदद्वार करंगळी जाणार नाही इतके अरुंद होते. असे रुग्ण मग सरकारी इस्पितळात येतात, आणि तोवर दुरुस्त करण्याजोगे फारसे उरलेले नसते.

गल्लत इतर आजारांशीही होते. माकडहाडाजवळ केसांमुळे होणारा नाडीव्रण पुष्कळदा भगंदर समजून हाताळला जातो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून खडखडत फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका आढळला की त्याला 'जीपचा रोग' हेच नाव पडले. मार्ग वेगळा, उपचार वेगळा. नुसती खाज असेल तर ती बऱ्याचदा जास्त साबण, ओलावा किंवा जंत यांची असते. मुलांत तर जंतांचीच. गुदाशय बाहेर येण्याचा आजार म्हाताऱ्या बायकांत दिसतो आणि 'मोठा मोड' म्हणून त्याची बोळवण होते. बाहेर आलेल्या भागावरच्या वळ्या गोल फिरताना दिसल्या तर तो गुदाशय असतो.

आणि कर्करोग. गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण पुष्कळदा रक्त असते, आणि ते रक्त मूळव्याधीच्या खाती जमा होते. आपल्याकडे या आजाराचे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत आढळले आहे. त्यामुळे 'वय लहान आहे, मूळव्याधच असणार' हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही. बोट सात-आठ सेंटिमीटर आत पोचते, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ तेवढ्या बोटाला लागते. शौचाची सवय बदलणे, सारखे जावेसे वाटूनही पोट साफ न होणे, शेम पडणे, वजन उतरणे, रक्तक्षय, घरात कुणाला हा आजार असणे, यांतले काहीही असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करायची. मूळव्याध दिसली म्हणून वर गाठ नाही असे होत नाही, दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. वर्षभर मलमे लावून झाल्यावर सापडलेली गाठ पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सापडली असती, याहून दुःखद गोष्ट या विषयात नाही.

पथ्याबद्दल सगळे विचारतात. ताक आणि सुरण यांचा मान जुना आहे, सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न असेच नाव आहे. दोन्ही खुशाल खावीत. तिखटाबद्दल दोन लहान प्रयोग आहेत. इटलीत मूळव्याधीच्या रुग्णांना मिरचीची कॅप्सूल दिली तर त्रास वाढला नाही. नागपुरात ताज्या फिशरच्या रुग्णांना दिली तर आग आणि वेदना वाढल्या. म्हणजे फिशर भरेपर्यंत वऱ्हाडी रस्सा दूर ठेवावा, मूळव्याधीत त्याचे एवढे भय नको. भय धरायचे ते उपासाच्या साबुदाण्याचे, त्यात चोथा जवळजवळ नसतोच. श्रावणात उपास आणि बद्धकोष्ठ हातात हात घालून येतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, सालीसकट काकडी यांतून दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चोथा सहज मिळतो. आणि मोबाइल संडासाबाहेर ठेवावा. बोस्टनमध्ये 125 जणांवर झालेल्या, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, संडासात फोन वापरणाऱ्यांत मूळव्याध आढळण्याची शक्यता 46 टक्क्यांनी जास्त दिसली. ते तिथे जास्त वेळ बसून राहत होते.

तुम्हाला रक्त दिसले असेल, किंवा घरात कुणी काही दिवस खुर्चीच्या कडेवर तिरके बसत असेल, तर या आठवड्यात डॉक्टरकडे जा. "मूळव्याध आहे" असे सांगू नका. काय होते, कधी होते, दुखते की नाही, एवढे सांगा. आणि डॉक्टर न तपासता चिठ्ठी लिहायला लागले, तर त्यांना थांबवून म्हणा, "आधी तपासून बघा."